नाजूक कोरीवकामाला सुपरग्लू : कुठे पाजायचा, कुठे जोडायचा आणि कुठे हातही लावायचा नाही

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आईच्या सागवानी देव्हाऱ्याच्या महिरपीवर समोरासमोर दोन मोर आहेत, त्यांतल्या एकाचा तुरा पुसताना तुटला. तुकडा तुम्ही जपून ठेवलाय. आणि तुम्ही स्वतः शिवणीच्या लाकडात मान वळवून बाजूला बघणारा खंड्या कोरताय, त्याची चोच दोनदा तुटली. दोन्हीकडे सुपरग्लू चालेल का, आणि ‘गोंद लावावा लागला म्हणजे हात कच्चा’ असं तुमचे शिकवणारे म्हणतात ते खरं का?

चालेल, दोन्हीकडे चालेल. पण तुऱ्याला तो जोडायला लागेल आणि चोचीला पाजायला, म्हणजे लाकडात मुरवून ते कडक करायला. ही दोन कामं अगदी वेगळी आहेत. गेली २७ वर्षं मी नक्षीकाम करतोय, आणि जवळ येणारे बहुतेक शिकाऊ लोक जोडण्यापुरताच हा गोंद ओळखतात. तुटल्यावर ट्यूब शोधतात. खरा उपयोग तुटायच्या आधीचा आहे, म्हणून आधी चोचीचं सांगतो.

चोच का तुटते ते नीट समजून घ्या. खराट्याचे हीर सुतळीने घट्ट बांधलेले असतात. अख्खा खराटा गुडघ्यावर ठेवून मोडायला गेलात तर मोडत नाही. पण त्याच जुडीची आडवी, बोटभर जाडीची चकती कापली तर ती हातात धरताच सुटी होते. लाकूड म्हणजे अशीच हिरांची जुडी. रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, ज्या दिशेने धावते त्या दिशेने लांब कोरलेला भाग दमदार असतो. रेषेला आडवा कोरलेला पातळ भाग म्हणजे ती चकती. तुमच्या खंड्याचं अंग रेषेच्या दिशेने आहे, पण मान वळवल्यामुळे चोच बरोबर आडवी गेली. चार सेंटिमीटर लांब, टोकाशी दोन मिलिमीटर, आणि तीही आडव्या रेषेत. ती दोनदा तुटली यात तुमच्या हाताचा दोष थोडा आणि आखणीचा जास्त.

त्यामुळे पुढच्या खंड्याला डोकं वेगळ्या ठोकळ्यातून घ्या. रेषा चोचीच्या दिशेने ठेवा आणि मानेवर, जिथे पिसांची ओळ बदलते तिथे, सांधा लपवा. अमेरिकेत लाकडी पक्षी कोरणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. शिकारीसाठी पाण्यावर सोडायची नकली बदकं करता करता ती मंडळी शोभेच्या पक्ष्यांकडे वळली. लुइझियानाकडचे कारागीर टुपेलो नावाचं दलदलीत वाढणारं हलकं लाकूड वापरतात. त्यांच्याकडे डोकं वेगळं कोरून बसवणं ही नेहमीची रीत आहे, आणि चोच व पंखांची टोकं पातळ सुपरग्लूने कडक करणं हीसुद्धा. तिथे याला कोणी लबाडी म्हणत नाही.

तुमच्या शिकवणाऱ्यांचं म्हणणं मी असं घेतो : चुकीची आखणी झाकायला गोंद ओतला तर ती उणीवच. पण कितीही चांगली आखणी केली तरी प्रत्येक कामात एखादी जागा आडव्या रेषेची राहतेच. मोराचा तुरा, हत्तीच्या सोंडेचं वळण, वेलीच्या पानाचं टोक, देवीच्या हाताची करंगळी. सगळे अवयव एका दिशेने धावत नाहीत. त्या जागांना बळ देणं हा कामाचाच भाग आहे.

आता पाजणं. सुपरग्लू, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, पातळ, मध्यम आणि घट्ट अशा जातींत मिळतो. विमानांची मॉडेल्स करणाऱ्यांच्या दुकानात बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. अगदी पातळ जात जवळजवळ पाण्यासारखी पळते, घट्ट जात मधासारखी बसून राहते. पाजायला पातळच हवी. टपरीवरच्या लहान ट्यूबवर हा फरक बहुधा लिहिलेला सापडत नाही, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर एक थेंब सोडून बघा : लगेच आत शिरला तर पाजायला योग्य, वर फुगून बसला तर जोडायला.

चोच शेवटच्या मापापेक्षा साधारण एक मिलिमीटर जाड असतानाच थांबा. हा टप्पा चुकवू नका. आणखी कोरलं तर पटाशीच्या धक्क्यानेच ती जाईल, आणि फार लवकर पाजलं तर कडक झालेला थर पुढे तुम्ही कोरून फेकून द्याल. चोच टोकाकडून थोडी वर करून धरा. जिथे रेषेची तोंडं उघडी पडलीत, म्हणजे लाकडाची छिद्रं दिसतात, तिथे थेंब लावा. तिथून गोंद स्पंजासारखा आत ओढला जातो. रेषेच्या अंगावर लावलात तर जेमतेम वरच्या कातडीत शिरतो. लाकूड ओलं झाल्यासारखं गडद दिसेल. थेंब आत जाणं थांबलं की तुम्हीही थांबा. वर साचू देऊ नका. अर्ध्या तासाने दुसरी फेरी, मग रात्रभर तसंच ठेवा. पटकन सुकवणारा स्प्रे इथे मारू नका. त्याने वरचा थर एकदम गोठतो, फेसाळतो, पांढरा पडतो आणि आतला गोंद आतच अडकतो.

थेंब टाकायला ट्यूबचं तोंड नेहमी मोठं पडतं. मी दाभणाचं नेढं वरून घासून उघडं करतो. म्हणजे टोकाला दोन बारीक शिंगं उरतात आणि त्यांच्या मध्ये गोंदाचा एकच, मोहरीएवढा थेंब अडकून राहतो. दाभण लाकडी मुठीत बसवलेला आहे. थेंब उचलायचा, लाकडाच्या तोंडाशी टेकवायचा, लाकूड तो ओढून घेतं. शिंगांवर गोंद साठला की मेणबत्तीवर न धरता ब्लेडने खरवडतो, कारण जळत्या गोंदाचा धूर छातीत जाऊ द्यायचा नाही. माझ्या हत्यारांच्या पेटीत हा दाभण मी रोज वापरतो, पटाश्यांच्या बरोबरीने.

दुसऱ्या दिवशी चोच हाताला वेगळी लागते. नखाने टिचकी मारली तर आवाज बदललेला असतो, काचेसारखा. आता पटाशी जपून, कारण असं लाकूड हत्याराची धार लवकर मारतं. मी शेवटचा आकार बारीक कानशीने आणि २४०, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढतो. तोंडाला मास्क हवाच. ही भुकटी साध्या भुशासारखी नसते, घशाला झोंबते.

याची एक किंमत आहे, ती आधीच माहीत असू द्या. गोंद प्यायलेल्या लाकडात नंतर रंग किंवा तेल शिरत नाही. शिवण फिकट लाकूड आहे, त्यावर अर्धी चोच गडद आणि अर्धी फिकट असा डाग कायमचा राहील. म्हणून चोच पाजायची तर पूर्ण पाजा, मानेच्या नैसर्गिक रेषेपर्यंत. नाहीतर आधी रंग देऊन तो पूर्ण सुकवा आणि मग पाजा. खंड्याच्या बाबतीत तुम्ही सुटलात, कारण चोच तशीही तांबडी रंगवणार आहात. लाखेचं स्पिरिट पॉलिश मात्र या गोंदावर छान बसतं.

आता हवामानाचं, कारण अर्ध्या तक्रारी तिथून येतात. या गोंदाची गोष्टच चिकटपणाच्या त्रासातून सुरू झाली. १९४२ मध्ये कोडक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हाती लागलेला पदार्थ प्रत्येक वस्तूला चिकटायला लागला, म्हणून तो बाजूला टाकला गेला. १९५१ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच चिकटपणाची किंमत कळली, आणि १९५८ मध्ये ‘ईस्टमन ९१०’ या नावाने तो बाजारात आला. तो सुकत नाही, म्हणजे पाणी उडून कडक होत नाही. वस्तूच्या अंगावरचा नजरेला न दिसणारा ओलावाच त्याला गोठवतो. मे महिन्यात विदर्भात किंवा पुण्यात हवा कोरडी असते तेव्हा तो रेंगाळतो. जुलैत कोकणात तो भराभर धरतो, पण त्याची वाफ आजूबाजूच्या लाकडावर पांढरी पूड होऊन बसते. सावंतवाडीला एका पावसात मी शिसवी चौकटीवर काम केलं होतं. सांधा झकास बसला, आणि भोवतीचं काळंभोर लाकूड भस्म फासल्यासारखं दिसायला लागलं. बरंच घासावं लागलं, आणि कोरलेल्या खोलगट जागांतून ती पूड आजही पूर्ण निघालेली नाही. तेव्हापासून पावसाळ्यात थेंब लहान, आणि बाजूने हलका वारा खेळता ठेवतो, म्हणजे वाफ एका जागी बसत नाही.

साग थोडा अडून बसणारा आहे. त्यात स्वतःचं तेल असतं. शिवाय लाकूड मुळातच किंचित आम्लधर्मी, आणि आम्लाने हा गोंद मंदावतो. म्हणून सागाच्या तुटक्या तोंडावर ब्रशने अ‍ॅसिटोन (तेल विरघळवणारं, पटकन उडून जाणारं द्रावण) फिरवून पाच-दहा मिनिटं कोरडं होऊ द्यायचं. वरचं तेल निघालं की पुढच्या तासाभरात जोड करून टाकायची. उद्यावर टाकलीत तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

इथून तुमच्या तुऱ्याकडे येऊ. महिरपीची फळी आडवी, रेषा आडवी, आणि तुरा उभा. म्हणजे तोही खराट्याची चकतीच. आईंना सांगा, त्यांच्या हातून तुटला यात त्यांची काही चूक नाही, तो कधीतरी तुटणारच होता.

तुटलेल्या तोंडाला काहीही घासू नका. त्यावरचे बारीक दात हेच तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. ते एकमेकांत बसले की सांधा दिसतही नाही. पेपर मारून ‘साफ’ केलेली तोंडं पुन्हा कधी नीट बसलेली मी पाहिली नाहीत. एखादा टवका देव्हाऱ्याच्या खाली पडला असेल तर आताच शोधा आणि काडेपेटीत ठेवा. देव्हारा म्हटला की निरांजनाची काजळी, तुपाचा हात, उदबत्तीचा थर आलाच. तो तुटलेल्या तोंडावर नसला तरी कडेला असतो आणि गोंदाबरोबर आत ओढला जातो. म्हणून आधी भोवतालची जागा साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसा, एक दिवस वाळू द्या, मग तोंडावर अ‍ॅसिटोन.

त्यानंतर सांध्याच्या दोन्ही बाजूंना, पण तुटलेल्या तोंडावर अजिबात नाही, चपड्याच्या, म्हणजे त्याच लाखेच्या, पॉलिशचा एक पातळ हात मारा. गोंद बाहेर आला तर तो या पॉलिशवर बसतो, लाकडात शिरत नाही, आणि नंतर नखाने निघतो. हा पाच मिनिटांचा उद्योग लोक टाळतात आणि मग कायमचा डाग घेऊन येतात.

कोरडा तुकडा चार-पाच वेळा बसवून बघा, हाताला ती खाच पाठ झाली पाहिजे. कारण गोंद लागल्यावर तुम्हाला दहा सेकंद मिळतात, फार तर पंधरा. मग मध्यम जातीचा गोंद एकाच तोंडावर, मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढा. दोन्हीकडे लावू नका आणि जास्त लावू नका. हा गोंद पातळ थरातच जोर धरतो. जाड थर आतून कच्चा राहतो. तुकडा बसवा, सरळ दाबा, वळवू नका, तीस सेकंद हलू नका. हात सोडल्यावरही देव्हाऱ्याला रात्रभर धक्का नको.

सांध्यात कुठे बारीक खड्डा राहिला तर त्याच सागाचा पॉलिश पेपरने काढलेला भुसा त्यात दाबून वर पातळ गोंदाचा थेंब सोडायचा. भरलेली जागा मूळ लाकडापेक्षा गडद होते, म्हणून सागाच्या फिकट भागाचा भुसा घ्या. खाण्याच्या सोड्याने हा गोंद क्षणात दगड होतो हे तुम्ही पाहिलं असेल. रंगवलेल्या खेळण्यांना ते ठीक, पण उघड्या सागावर पांढरा ठिपका उरतो.

तुऱ्यात तार घालू का, असंही तुमच्या मनात येईल. तीन मिलिमीटरच्या तुऱ्यात भोक पाडताना तो उभा चिरण्याचा धोका जास्त. त्यापेक्षा महिरपीची मागची बाजू दिसत नसेल तर मागून सागाच्या विनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) करंगळीच्या नखाएवढी पट्टी, रेषा उभी ठेवून, तुरा आणि फळी या दोघांवर येईल अशी चिकटवा. आडव्या रेषेला उभ्या रेषेचा टेकू मिळाला की तुरा पुढची अनेक वर्षं फडक्याचा धक्का सहन करेल. तुरा एक सेंटिमीटरहून जाड असता तर मी बांबूची काडी खुंटीसारखी घातली असती. दुसऱ्या, न तुटलेल्या मोराच्या तुऱ्यालाही मागून तशीच पट्टी लावून घ्या; त्याची आखणीही तीच आहे.

आणि एक, देव्हाऱ्यात समई महिरपीच्या अगदी खाली नको. हा गोंद ८० अंशांच्या आसपास तापला की मऊ पडायला लागतो. ज्योतीच्या वर वीतभर अंतरावर हात धरून बघा, मग पटेल. समई पुढे सरकवा.

वजन झेलणाऱ्या सांध्याला सुपरग्लू नकोच. तो ओढीला चांगला आहे, पण धक्क्याला आणि सोलून काढणाऱ्या जोराला कच्चा. देव्हाऱ्याचा पाय, खुर्चीची पाठ, कळस बसवायचा खांब, तिथे पांढरा फेव्हिकॉल आणि शिकंजा. नक्षीच्या वळणावर शिकंजा बसत नसेल तर एक युक्ती आहे : सांध्यावर फेव्हिकॉल पसरा, दोन टोकांना थोडी जागा मोकळी ठेवा आणि तिथे सुपरग्लूचा एकेक थेंब. ते दोन थेंब शिकंज्याचं काम करतात आणि खरी ताकद रात्रभरात फेव्हिकॉल देतो.

आता ती जागा, जिथे हा गोंद न्यायचाच नाही. कामाला लागून थोडीच वर्षं झाली होती तेव्हा एका जुन्या वाड्यातून तुळईखालचं कोरलेलं केळफूल माझ्याकडे आलं. चार पाकळ्या सुट्या झाल्या होत्या. जुन्या सरसाचे, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाचे, तपकिरी खडे सांध्यात दिसत होते. मी ते खरवडून काढले आणि सुपरग्लूने पाकळ्या बसवल्या; अर्ध्या तासात काम झालं आणि मला फार अभिमान वाटला. तीन पावसाळ्यांनी केळफूल परत आलं. लाकूड पावसात फुगलं, उन्हाळ्यात आकसलं, आणि गोंद मात्र तसूभर हलला नाही. सांधा पक्का राहिला आणि त्याच्या शेजारचं, शंभराहून अधिक वर्षांचं लाकूड फाटलं. पाकळी सोडवून पुन्हा बसवावी म्हटलं तर गोंद छिद्रांत भिनलेला. अ‍ॅसिटोनने तो मऊ झाला, पण बाहेर आला नाही. सरस असता तर कोमट पाण्याच्या घडीने सांधा सुटला असता आणि पुन्हा जोडता आला असता. त्या कारागिराने पुढच्यासाठी ठेवलेली वाट मी बंद केली. हे मला आजही सलतं.

म्हणून जुन्या वाड्यांचं काम, देवळातले कोरीव खांब, पिढ्यांपूर्वीचे पाळणे, रंगवलेल्या जुन्या मूर्ती यांना सुपरग्लू लावू नका. कीड लागून आतून भुसा झालेल्या जुन्या लाकडाला तर मुळीच नाही. एवढा गोंद ओतला तर तो तापतो, धूर सोडतो आणि वरवरचं कवच तेवढं कडक होतं. संवर्धनाचं काम करणारे तिथे पॅरालॉइड बी-७२ सारखं अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारं रेझिन पातळ करून पाजतात, कारण ते पुढे परत विरघळवता येतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे; वस्तू मोलाची वाटली तर अशा ठिकाणी विचारा. तुमचा देव्हारा तुम्ही लिहिल्याप्रमाणे आईच्या लग्नानंतर घेतलेला, त्यामुळे त्याला हरकत नाही.

काम करताना सुती कापड, कापूस किंवा सुती हातमोजे जवळ ठेवू नका. सुताच्या बारीक तंतूंवर हा गोंद इतक्या वेगाने गोठतो की चटका बसतो, धूर निघतो. माझ्या मांडीवरच्या सुती पंचावर एकदा ट्यूब कलंडली होती, त्याचा व्रण अजून आहे. हात पॉलिथिनच्या पिशवीत घाला. पॉलिथिनला हा गोंद धरत नाही, त्याची बाटलीही बहुधा त्याचीच असते. डोळ्यांवर चष्मा हवा. बोटं चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून पेन्सिल फिरवल्यासारखी हळूहळू सोडवा, ओढू नका. पापणी चिकटली तर काहीही न लावता थेट डॉक्टरांकडे जा.

उरलेली ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची तर झाकणबंद डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. थंड ट्यूबवर दव धरतं आणि तेच पाणी आत जाऊन गोंद गोठवतं. तासभर खोलीत राहू द्या, मग टोपण काढा, आणि पहिला थेंब नेहमी टाकाऊ तुकड्यावर टाका.